मेजरसाहेबांची करंगळी

मेजरसाहेब रुग्णाला सुई टोचण्याआधी स्वतःला टोचून घेत. ज्या जागी रुग्णाला टोचायची, त्याच जागी स्वतःच्या अंगावर. आणि रुग्णाच्या अंगात सुई असेपर्यंत त्यांच्याही अंगात ती तशीच असे. पँटचा डावा पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला आहे, नडगीच्या बाहेरच्या बाजूला केसासारखी बारीक सुई उभी आहे आणि मेजर खुर्चीत ताठ बसून वर्तमानपत्र वाचत आहेत, हे दृश्य नागपूरच्या धंतोलीतील त्यांच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात कुणालाही पाहायला मिळे. "जवानांचे जेवण आधी अधिकाऱ्याने चाखायचे असते," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. त्यांच्या स्वतःच्या सुया वेगळ्या होत्या. त्यांच्या मुठीला लाल दोरा गुंडाळलेला असे आणि त्या स्पिरिटच्या निराळ्या बाटलीत राहत. त्या बाटलीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम होता आणि तो पाळला जाई.

या सवयीवर गावात विनोद होत. मला मात्र तिच्याविषयी कृतज्ञताच वाटते. ही सवय नसती तर मेजरांनी आपला एक हात गमावला असता, आणि कदाचित दोन्ही. ज्याचे सारे काम बोटांच्या टोकांवर चालते, त्याचा हात जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

मेजर लष्करात डॉक्टर होते. शेवटची काही वर्षे कामठीच्या छावणीत काढून ते निवृत्त झाले, आणि इतर अधिकारी बागकाम शिकतात त्या वयात कलकत्त्याला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले. चीनशी झालेली लढाई अजून लोकांच्या मनात ताजी होती. त्यामुळे दवाखान्याची पाटी लागली तेव्हा पहिली प्रतिक्रिया दुखऱ्या कंबरांची नव्हे, देशभक्तांची आली. समोरच राहणारे संत्र्यांचे एक म्हातारे व्यापारी, ज्यांना सगळे शेठजी म्हणत, सकाळीच पायरीवर येऊन उभे राहिले.

"काहून गा डॉक्टर? ज्याइनं आपल्याले टोचलं त्याइच्याच सुया घेऊन आले तुम्ही?"

"शेठजी, शत्रूची बंदूक हाती लागली तर फौज ती वापरते. पोस्टाने परत नाही पाठवत," मेजर म्हणाले. "मान दुखते ना तुमची? बसा."

शेठजी बसले. पुढे ते इतके नियमित येऊ लागले की बाकावरची एक जागा त्यांचीच मानली जाई. आपली मान बरी झाली हे मात्र त्यांनी कधीही कबूल केले नाही. "थोडी कमी हाये," यापलीकडे त्यांची जीभ वळत नसे.

मी त्या वेळी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करीत होते, शरीरक्रियाशास्त्र हा माझा विशेष विषय होता आणि संशोधक होण्याचा निश्चय मी घरात सर्वांना पुरेशा वेळा ऐकवला होता. त्याचबरोबर मी विद्यापीठाच्या खो-खो संघात होते. पाटीवर उकिडवे बसायचे आणि "खो" मिळताच उसळून धावायचे, यात माझा गुडघा कुरकुरू लागला होता. आमची कर्णधार कुसुम हिची अवस्था माझ्याहून वाईट होती. कुसुम कोष्टी मोहल्ल्यातली. घरातले माग बंद पडले होते आणि वडील गिरणीत लागले होते. खांबावर तिची झेप अशी असे की प्रतिस्पर्धी संघातल्या मुलीही टाळी वाजवीत. त्या झेपांनी तिची कंबर धरली होती. आमचे प्रशिक्षक एके दिवशी आम्हा दोघींना मेजरांकडे घेऊन आले.

कुसुमने कंबर दाखवली. मेजरांनी तिला मूठ वळायला सांगितली आणि करंगळीखाली तळहाताच्या कडेला सुई लावायची तयारी केली.

"अहो डॉक्टर, कंबर दुखून राहिली माही, करंगळी नाही!"

"ठाऊक आहे. दिवा खोलीत लागतो, बटण भिंतीवर असते." त्यांनी आपल्या डाव्या करंगळीखाली लाल दोऱ्याची सुई लावली, मग कुसुमच्या. कुसुमने दिलेली किंकाळी समोर शेठजींच्या गादीपर्यंत ऐकू गेली असावी. थोड्या वेळाने मेजरांनी तिला वाकायला लावले. ती वाकली, आणखी वाकली, आणि खाली मान घालूनच मला म्हणाली, "शाले, खरंच कमी झालं वं."

दिव्याच्या दृष्टान्ताने माझे समाधान होणे शक्य नव्हते. मी विचारले, मज्जातंतूंचा मार्ग कोणता? मेजर म्हणाले, "मला माहीत नाही. चिनी लोक एक सांगतात, माझे शरीरशास्त्र दुसरे सांगते. मी मधल्या मध्ये सुई टोचतो. तू शोधून काढ, मला येऊन सांग." त्या दिवसापासून त्यांनी मला 'लॅबोरेटरी' हे नाव दिले. "लॅबोरेटरी आली, खरे बोला," असे ते बाकावरच्या रुग्णांना बजावीत.

वेदनेविषयी त्यांचे एक ठाम मत होते. वेदना हा पहारेकरी आहे, असे ते म्हणत. तो ओरडला तर आधी फाटकावर कोण आले आहे ते पाहायचे. नुसताच आरडाओरडा करीत असेल तर त्याला गप्प करायचे. पण त्याला झोपवायचे कधीच नाही. म्हणून सामन्याच्या दिवशी ताज्या दुखापतीवर ते सुई लावीत नसत. एकदा आमच्या प्रशिक्षकांनी घोटा मुरगळलेल्या खेळाडूसाठी बरीच गळ घातली. मेजरांनी घोट्याला पट्टी बांधली, तिला बाकावर बसवले आणि प्रशिक्षकांना सांगितले, "तिचा पहारेकरी जागा आहे. तुम्ही झोपला आहात."

तरी खेळाडूंचा एक भ्रम त्यांना मोडता आला नव्हता. गुडघ्याखाली चार बोटांवर नडगीच्या बाहेर एक जागा आहे. तिथे टोचून घेतल्यावर थकलेले चिनी शिपाई पुन्हा मैलोनमैल चालत, अशी कथा त्यांनीच कधीतरी सांगितली होती. झाले! सारा संघ नडगी पुढे करून वेगाची सुई मागू लागला. मी स्टॉपवॉच आणले. सुईआधी आणि सुईनंतर, आणि काही मुलींना भलत्याच जागी सुई लावून, मी सर्वांना धावायला लावले. वेगात म्हणण्यासारखा फरक कुणाच्याही पडला नाही. ज्यांचे दुखणे कमी झाले त्या मोकळेपणाने धावल्या, एवढेच. मेजरांनी निकाल ऐकला आणि खुशीत मान हलवली. "अगदी बरोबर. सुई दुखणे कमी करील. वेग आईबापांनी आणि मास्तरांनी द्यायचा."

"घड्याळच खोटं हाये हिचं," असा निर्वाळा देऊन कुसुम नडगी पुढे करून बसली ती बसलीच.

असे सारे चालले असता उन्हाळ्याच्या सुट्टीत मेजरांच्या बोलण्यात एक नवा अभिमान डोकावू लागला. कुसुमच्या कंबरेसाठी आपल्या करंगळीखाली सुई लावताना ते म्हणाले, "बघ लॅबोरेटरी, हात किती हलका झाला आहे माझा. आताशा सुई आत गेलेली कळतसुद्धा नाही. कलकत्त्याचे गुरुजी असे होते म्हणून सांगत, तेव्हा विश्वास बसत नसे." बाकावरचे रुग्ण कौतुकाने पाहत होते. शेठजींनीही मान डोलावली. त्यांच्या बाबतीत हे फारच झाले.

मग मेजरांनी कुसुमला सुई लावली आणि कुसुम नेहमीसारखीच किंचाळली.

मला ते खटकले. हलका झालेला हात जर टोचणारा असेल, तर त्याचा लाभ सर्वांना सारखाच मिळायला हवा. कुसुमला पूर्वीइतकेच टोचते आणि मेजरांना टोचत नाही, याचा अर्थ फरक टोचणाऱ्या हातात नव्हता. टोचून घेणाऱ्या हातात होता. मी लक्ष ठेवू लागले. नडगीवर सुई लावताना मेजरांच्या भुवया अजूनही किंचित आक्रसत. डाव्या करंगळीपाशी मात्र त्यांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा राही. आणि एका दुपारी ती गोष्ट दिसली, जी नागपूरच्या मे महिन्यातच इतकी स्वच्छ दिसू शकते. वीज गेली होती, पंखा थांबला होता, आम्ही सारे निथळत होतो. मेजरांच्या बाह्या दुमडलेल्या होत्या. त्यांचा उजवा हात घामाने चमकत होता. डाव्या हातावर कोपरापासून करंगळीकडे जाणारा एक पट्टा मात्र कोरडा होता. जरासा फिकट, धूळ बसावी तसा. घामाच्या ग्रंथींना आदेश मज्जातंतू देतात. त्या पट्ट्याला आदेश पोहोचत नव्हते.

ज्या आजारात हे असे होते त्याचे नाव विदर्भात कुणाला शिकवावे लागत नाही. माझ्या मनात ते आले तेव्हा मी सर्वप्रथम दुसरी कारणे शोधली, कारण दुसरे काही निघाले तर मला हवे होते.

रुग्ण गेल्यावर मी म्हटले, "मेजरसाहेब, एक प्रयोग करू?"

"कुणावर?"

"तुमच्यावर. डोळे मिटा. स्पर्श कळला की उजवे बोट वर करायचे."

मी कापसाची बारीक वात केली आणि त्यांच्या दंडावरून सुरुवात केली. बोट वर आले. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, बोट वर आले. मग मी वात त्या कोरड्या पट्ट्यावरून फिरवली. बोट वर आले नाही. पुन्हा फिरवली. मेजर शांत बसून होते, चेहऱ्यावर परीक्षार्थ्याचा उत्साह. "चालू कर ना," ते म्हणाले. चालू तर मी केव्हाच केले होते. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, पण चेहऱ्यावरचा उत्साह हळूहळू उतरला. ते डॉक्टर होते. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांना कळला.

त्यांनी डोळे उघडले, उजव्या हाताने डाव्या कोपरामागची मज्जातंतूची शीर चाचपली आणि ती दोरीसारखी जाड लागली तेव्हा बोट तिथेच ठेवले. मग माझ्याकडून कापूस घेतला, टेबलावरचे पेन उचलले आणि जिथे स्पर्श कळेनासा होतो तिथे तिथे स्वतःच्या हातावर रेघ ओढत गेले. रेघ करंगळीला वळसा घालून परत कोपराशी आली.

"माझा पहारेकरी गोळी लागून पडला होता," ते म्हणाले, "आणि मी समजत होतो, काय शिस्तीत उभा आहे!"

पेन खाली ठेवून त्यांनी विचारले, "उजवा बघतेस?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच साध्या रुग्णाचा झाला होता. मी उजवा हात दंडापासून नखांपर्यंत तपासला. प्रत्येक ठिकाणी बोट वर आले. आता वर येणारे बोट डाव्या हाताचे होते, आणि त्या हाताची करंगळी तेवढी मागे राहत होती, किंचित वाकलेली. ती वाकू लागली आहे हेही आम्हा दोघांना त्याच क्षणी दिसले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याला कुलूप होते. धंतोलीतच कुष्ठरोगाचे एक जाणते डॉक्टर होते. त्यांनी कानाच्या पाळीतून आणि त्या पट्ट्यातून नमुने घेतले. अहवाल येईपर्यंत कुणालाही हात लावायचा नाही, असा हुकूम मेजरांनी स्वतःवरच बजावला होता. मी भेटायला गेले तेव्हा ते गॅलरीत बसून डाव्या हाताची बोटे उजव्या हाताने एकेक सरळ करीत होते. "मरणाची भीती फौजेत काढून टाकतात," ते म्हणाले. "या बोटांची मात्र कुणी काढली नाही. उजवा गेला ना लॅबोरेटरी, तर मी फक्त वर्तमानपत्र वाचणारा माणूस उरेन."

अहवाल चांगला आला. नमुन्यांत जंतू नव्हते. रोग एका शिरेपुरता होता, संसर्गाचा प्रकार नव्हता, आणि वेळेवर सापडला होता. गोळ्या बरीच वर्षे घ्याव्या लागणार होत्या. सुजलेल्या शिरेसाठी औषध आणि हातासाठी झोळी, व्यायाम, तेल. जाणत्या डॉक्टरांनी विचारले, इतक्या लवकर लक्षात कसे आले? बहुतेक लोक तर हात भाजल्यावर, बोट झडायला लागल्यावर येतात. मेजर म्हणाले, "मी माझ्या रुग्णांच्या रांगेत सर्वांत पुढे बसतो."

आता प्रश्न लोकांचा होता. लपवणे सोपे होते. हात झोळीत आहे, पडलो म्हणून सांगायचे. मीही तेच सुचवले. मेजरांनी ते एका वाक्यात फेटाळले: "जे रुग्णापासून लपवावे लागते ते मी करीत नाही." आंतरविद्यापीठ स्पर्धेचा सराव सुरू झाला होता. ते सकाळी मैदानावर आले, आम्हा सर्वांना पाटीवर बसवले आणि उभ्याउभ्या सांगून टाकले. रोगाचे नाव घेतले. संसर्ग नाही, हे सांगितले. ज्यांना यापुढे यायचे नसेल त्यांच्यावर राग नाही, हेही सांगितले.

एक मुलगी मातीत बोटाने रेघा ओढत होती. प्रशिक्षकांनी शिट्टी उगाचच हातात घट्ट धरली होती. तेव्हा कुसुम उठली, कंबरेवर हात ठेवून.

"म्हणजे तुमच्यापासून आम्हाले लागत नाही न?"

"नाही लागत. तपासले आहे."

"अन् उजवा हात चांगला हाये?"

"चांगला आहे."

"मंग भाषण काहून देऊन राहिले? परवा मॅच हाये माही. टोचा न!" आणि तिने मूठ वळून पुढे केली. "पण या वक्ताले तुम्ही दुसऱ्या हाताले टोचून घ्या. जिथं लागते तिथं. नाहीतर काय फायदा?"

मेजर हसले. ते हसू मी इतक्या आठवड्यांत पाहिले नव्हते. प्रशिक्षकांनी शिट्टी वाजवली. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आले नसते.

सगळे इतके सोपे झाले, असे मात्र नाही. संघातल्या दोन मुलींच्या घरून निरोप आला की त्यांना मेजरांकडे पाठवू नये. दवाखान्यातील बाक कितीतरी दिवस रिकामा राहिला. लोक समोरच्या फुटपाथवरून जात आणि पाटीकडे पाहणे टाळत. एके सकाळी शेठजी पायरीवर आले, आणि पहिल्या दिवशी उभे होते तसेच उभे राहिले. "पयले चिनी सुया, आता हे. तुम्हाले काही सरळ जमतच नाही का गा डॉक्टर?" असे म्हणून ते आपल्या जागेवर जाऊन बसले आणि मान पुढे केली. शेठजी बसले आहेत हे रस्त्यावरून दिसत असे. बाक हळूहळू भरू लागला.

मी दर महिन्याला कापूस घेऊन जात असे. मेजर डोळे मिटून बसत आणि मी पेनाने सीमा आखीत असे. पहिले काही महिने ती जागची हलली नाही. मग कोपराकडून ती मागे सरकू लागली. कधी बोटभर, कधी तेवढीही नाही. "मुलूख परत मिळतो आहे," मेजर म्हणत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या मनगटावर घामाचे थेंब आले, तेव्हा त्यांनी ते पुसू दिले नाहीत. दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला दाखवले. उजवा हात शेवटपर्यंत निर्दोष राहिला. करंगळी सरळ झाली, पण ती मुकीच होती; तिथे स्पर्श कळत नसे. जाणत्या डॉक्टरांनी सांगितले की ती तशीच राहील, आणि एवढ्यावर सुटका झाली हेच पुष्कळ समजावे. मेजर तेवढ्यात समाधानी होते. मी नव्हते.

या प्रकरणाने माझ्यावर झालेला परिणाम असा की मी ज्या विषयात संशोधन करायचे ठरवले होते तो सोडला आणि हातापायांच्या शिरांकडे वळले. दुखणे कसे थांबवावे, याचा अभ्यास करणारे पुष्कळ होते. गेलेले दुखणे परत कसे आणावे, हे विचारणारे त्यामानाने थोडे. दक्षिणेतील एका संस्थेत मला जागा मिळाली. घरच्यांना हा विषय घाणेरडा वाटला. मेजरांना मी कारण सांगितले तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि मग म्हणाले, "तिथे जेवणात भात फार असतो. सवय करून घे."

निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांचा निरोप घ्यायला गेले. दवाखाना आटोपला होता. कुसुमही आली होती. तिला रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी लागली होती आणि ती ते सर्वांना, अगदी भिंतींनाही, सांगत होती. चहा आला. मेजरांनी तो बशीत ओतला आणि बशी डाव्या हातावर, बोटांच्या टोकांवर तोलून उचलली. ते मला प्रवासात काय खावे आणि काय खाऊ नये ते सांगत होते. बशी कलली. चहा करंगळीवरून ओघळला.

"अरे, हाय हाय!" मेजर ओरडले. बशी खाली पडून फुटली. ते उभे राहिले, हात झटकू लागले आणि झटकता झटकता थांबले.

आम्ही तिघेही त्या बोटाकडे पाहत होतो. ते लाल होत होते. मी उठून कापूस शोधू लागले. तो काही केल्या सापडेना. कुसुम दोन्ही हात तोंडावर धरून हसत होती, की रडत होती, ते कळत नव्हते.

"बघत काय राहिलात दोघी?" मेजर करंगळी वर धरून गर्जले. "माठातले पाणी आणा! दुखते आहे मला!"